केसांसाठी सेरामाइड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लीच, रंग, स्ट्रेटनिंग किंवा रोजच्या इस्त्रीमुळे राठ झालेल्या केसांवर सेरामाइडचा काय उपयोग होतो, याविषयी वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा अन्यत्र सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सेरामाइड म्हणजे नेमके काय?

सेरामाइड हा एकच पदार्थ नसून स्निग्ध रेणूंचे एक कुळ आहे. स्फिंगॉइड नावाचा लांब साखळीचा घटक आणि एक मेदाम्ल अमाइड बंधाने जोडले गेले की सेरामाइड तयार होते. दोन्ही साखळ्यांची लांबी आणि रचना बदलली की त्याचा प्रकार बदलतो. ते मेणासारखे असते आणि पाण्यात विरघळत नाही. हा गुणधर्म लक्षात ठेवावा, कारण उत्पादन कसे निवडावे याची बरीचशी उत्तरे त्यातूनच निघतात.

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरातील स्निग्ध द्रव्यांमध्ये वजनाने जवळपास निम्मा वाटा सेरामाइडचा असतो. केसाची गोष्ट वेगळी आहे. केसाच्या वजनात सगळी स्निग्ध द्रव्ये मिळूनच काही टक्के भरतात आणि त्यातही सेरामाइडचा हिस्सा लहान असतो. त्वचेवर दिसणारा परिणाम जसाच्या तसा केसांवर दिसेल, अशी अपेक्षा जाहिराती निर्माण करतात. ती धरू नये.

२. केसात सेरामाइड कुठे असते आणि तिथे ते काय करते?

केसाच्या बाहेरच्या आवरणाला क्युटिकल म्हणतात. कौलारू छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकांवर अर्धवट चढलेल्या चपट्या खवल्यांचे हे आवरण असते. मुळाजवळ अशा खवल्यांचे साधारण ५ ते १० थर असतात आणि प्रत्येक खवला सुमारे अर्धा मायक्रॉन जाडीचा असतो. खवल्यांच्या कडा केसाच्या टोकाकडे वळलेल्या असतात. म्हणूनच टोकाकडून मुळाकडे बोटे फिरवली की केस खरखरीत लागतो.

दोन खवल्यांच्या मध्ये जेमतेम २५ ते ३० नॅनोमीटर जाडीचा एक सांधा असतो. त्यात मेदाम्ले, कोलेस्टेरॉल आणि सेरामाइड ही स्निग्ध द्रव्ये असतात. खवले एकमेकांना धरून ठेवणे आणि पाणी व रसायने आत शिरण्याचा वेग कमी करणे, ही या सांध्याची मुख्य कामे होत.

केसाच्या अगदी बाहेरच्या पृष्ठभागावर एक निराळाच स्निग्ध थर असतो. तो १८-मिथाइल आयकोसॅनोइक आम्ल या मेदाम्लाचा असून खवल्यांच्या प्रथिनांना रासायनिक बंधाने जोडलेला असतो. निरोगी केसाचा मुलायमपणा आणि त्यावरून पाणी ओघळून जाण्याचा गुण प्रामुख्याने या थरामुळे येतो. तो थर सेरामाइडचा नाही आणि सेरामाइड लावून तो परत तयार होत नाही. दुकानातील बहुतेक माहितीपत्रकांत या दोन गोष्टी एकत्र कालवलेल्या आढळतात.

३. केस खराब होतात तेव्हा ही स्निग्ध द्रव्ये कशी नाहीशी होतात?

सर्वांत मोठा घाव ब्लीचचा असतो. अल्कधर्मी मिश्रणातील हायड्रोजन पेरॉक्साइड केसाचा रंग काढताना वर सांगितलेल्या बाहेरच्या मेदाम्लाचा बंधही तोडते आणि आतील प्रथिनांमधल्या गंधक-गंधक (डायसल्फाइड) बंधांपैकी काहींचे सिस्टेइक आम्लात रूपांतर करते. पाणी झटकून टाकणारा पृष्ठभाग त्यामुळे पाणी शोषणारा होतो. ब्लीच केलेला केस चटकन भिजतो, उशिरा वाळतो आणि ओला असताना रबरासारखा ताणला जातो, त्याचे कारण हेच. कायमस्वरूपी रंग आणि पर्मिंग यांचा परिणाम याच जातीचा, पण बहुधा कमी तीव्रतेचा असतो.

बाकीची झीज हळूहळू होते. शाम्पूतील स्वच्छक द्रव्ये प्रत्येक धुण्यात थोडे थोडे अंतर्गत स्निग्ध काढून नेतात, उन्हातील अतिनील किरण त्यांचे विघटन करतात आणि विंचरताना कंगव्याच्या घर्षणाने खवल्यांच्या कडा तुटतात. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो असे धरले, तर मुळापासून ३० सेंटीमीटरवरचे टोक जवळजवळ अडीच वर्षांचे असते. एकाच केसाचे मूळ तजेलदार आणि टोक राठ का असते, याचे उत्तर या वयातल्या फरकात आहे, आणि सेरामाइड टाळूला न लावता टोकांना का लावायचे, याचेही.

४. मग सेरामाइड लावल्याने केस खरोखर दुरुस्त होतात का?

‘दुरुस्ती’ या शब्दाने जखम भरून येणे अभिप्रेत असेल, तर होत नाहीत. टाळूच्या बाहेर आलेल्या केसात एकही जिवंत पेशी नसते. त्यामुळे तिथे काही नव्याने घडू शकत नाही आणि बाहेरून लावलेले द्रव्य जिथे अडकते तिथेच काय तो फरक पडतो.

तो फरक मात्र खोटा नाही. सेरामाइड उचकटलेल्या खवल्यांच्या कडांशी आणि खराब झालेल्या पृष्ठभागावर बसते, केसाकेसांमधील घर्षण कमी करते आणि पाण्याच्या आत-बाहेर जाण्याचा वेग थोडा आटोक्यात आणते. घर्षण कमी झाले की गुंता कमी होतो आणि विंचरताना तुटणाऱ्या केसांची संख्या घटते. लांब केस ठेवणाऱ्यांसाठी हा फायदा लहान नाही, कारण लांबी बहुतेकदा वाढ थांबल्याने नव्हे, तर टोके तुटत राहिल्याने खुंटलेली असते.

हा परिणाम टिकाऊ नाही. पुढच्या काही धुण्यांत लावलेले सेरामाइड निघून जाते आणि ते पुन्हा लावावे लागते. म्हणून सेरामाइडकडे उपचार म्हणून न पाहता देखभाल म्हणून पाहणे योग्य ठरेल.

५. फाटे फुटलेले केस सेरामाइडने जुळून येतात का?

नाही. मास्क किंवा सीरमच्या थरामुळे फाटा काही काळ चिकटलेला दिसतो आणि धुतल्यावर पुन्हा उघडतो. फुटलेले टोक कापावेच लागते आणि ते फाट्याच्या थोडे वरून कापावे, नाहीतर चीर वर सरकत राहते. सेरामाइडचा उपयोग आहे तो नवीन फाटे फुटण्याचा वेग कमी करण्यापुरता.

६. बॉन्ड बिल्डर, प्रोटीन ट्रीटमेंट आणि सेरामाइड यांपैकी मी काय घ्यावे?

हे तिन्ही केसाच्या वेगवेगळ्या भागांशी संबंधित आहेत. बॉन्ड बिल्डर म्हणून विकली जाणारी उत्पादने कॉर्टेक्समधील, म्हणजे केसाच्या गाभ्यातील तुटलेल्या बंधांना लक्ष्य करतात. हायड्रोलाइज्ड प्रोटीनचे लहान तुकडे पृष्ठभागावर बसतात, काही आतही शिरतात, आणि केसाला तात्पुरता ताठपणा देतात. सेरामाइडचे क्षेत्र मुख्यत्वे क्युटिकल.

निवड करण्यासाठी केस ओला करून पाहावा. ओला केस हलक्या हाताने ताणल्यावर लांबत जातो, मूळ लांबीवर परत येत नाही किंवा लगद्यासारखा मऊ लागतो, तेव्हा नुकसान गाभ्यापर्यंत गेलेले असते आणि एकटे सेरामाइड पुरणार नाही. केस ताणाला नीट उतरतो, पण खरखरीत लागतो, गुंततो आणि वाळल्यावर विस्कटतो, तेव्हा दोष पृष्ठभागाचा असतो आणि तिथे सेरामाइडयुक्त कंडिशनर हा पहिला पर्याय असावा. केस कडक आणि काडीसारखा ठिसूळ झाला असेल आणि त्याआधी प्रोटीनचे मास्क वारंवार लावले गेले असतील, तर प्रोटीन थांबवून काही आठवडे फक्त स्निग्ध घटकांवर भर द्यावा.

७. शाम्पू, कंडिशनर, मास्क की सीरम : सेरामाइड कशातून घेतलेले चांगले?

सेरामाइडसाठी पैसे मोजायचे असतील तर ते कंडिशनर, मास्क किंवा लीव्ह-इन क्रीममध्ये (न धुता केसांत ठेवायच्या क्रीममध्ये) मोजावेत. शाम्पूचे काम स्निग्ध पदार्थ काढण्याचे आहे. तो मिनिटभर डोक्यावर राहतो आणि भरपूर पाण्याने निघून जातो, तेव्हा त्यातून सेरामाइड फारसे मागे उरणे कठीण असते. शाम्पू सौम्य असणे त्याच्या लेबलवर सेरामाइड असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

कंडिशनरमध्ये परिस्थिती अनुकूल असते. खराब झालेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार वाढलेला असतो आणि कंडिशनरमधील बेहेनट्रायमोनियम क्लोराइडसारखी धन भाराची द्रव्ये त्याकडे ओढली जातात. ही द्रव्ये आणि सिटिअरिल अल्कोहोलसारखी मेद-अल्कोहोले मिळून एकावर एक थर असलेली रचना तयार करतात. सेरामाइड स्वतः भाररहित असते, ते या थरांत सामावून केसापर्यंत पोहोचते. शिवाय ही ओढ जिथे नुकसान अधिक तिथे अधिक असल्याने, कंडिशनर राठ टोकांवर आपोआप जास्त बसतो.

सीरमच्या बाबतीत थोडी सावधगिरी बाळगावी. सेरामाइड पाण्यात विरघळत नसल्यामुळे पाण्यासारख्या स्वच्छ, पारदर्शक सीरममध्ये ते असले तरी अत्यल्प प्रमाणात असण्याची शक्यता मोठी आहे. दुधाळ किंवा क्रीमसारखे रूप त्यापेक्षा विश्वसनीय.

८. लेबलवर कोणती नावे शोधावीत आणि प्रमाण पुरेसे आहे हे कसे ओळखावे?

सेरामाइड एनपी, सेरामाइड एपी, सेरामाइड ईओपी, सेरामाइड एनजी ही आजची प्रचलित नावे आहेत. जुन्या पद्धतीत यांपैकी एनपीला सेरामाइड ३ आणि एनजीला सेरामाइड २ म्हणत. याखेरीज सेरामाइडसारखी रचना असलेले कृत्रिम रेणूही वापरले जातात. २-ओलिअमिडो-१,३-ऑक्टाडेकेनडायॉल हे केसांच्या उत्पादनांत आढळणारे त्यांतले एक नाव. नावात ‘सेरामाइड’ नाही म्हणून ते कमी प्रतीचे समजू नये, कारण हा रेणू केसांच्या उत्पादनांत दीर्घकाळ वापरात आहे. गहू किंवा तांदूळ यांपासून मिळणाऱ्या ग्लायकोस्फिंगोलिपिडांना ‘फायटोसेरामाइड’ म्हणण्याची पद्धत आहे. त्यांना साखरेचा रेणू जोडलेला असतो, त्यामुळे ते रचनेने थोडे वेगळे ठरतात.

प्रमाणाबाबत लेबल अर्धेच बोलते. घटक उतरत्या प्रमाणात लिहायचे असतात, पण १ टक्क्याखालील घटक कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मुभा असते आणि सेरामाइड जवळपास नेहमी या गटात येते. म्हणून ते यादीच्या शेवटी दिसले म्हणजे फसवणूक झाली असे नाही आणि जरा वर दिसले म्हणजे मुबलक आहे असेही नाही.

एक खूण मात्र उपयोगी पडते. सोडियम लॉरॉइल लॅक्टिलेट, सेरामाइड एनपी, एपी, ईओपी, फायटोस्फिंगोसीन, कोलेस्टेरॉल, झँथन गम आणि कार्बोमर ही नावे एकत्र गर्दी करून आली, तर उत्पादकाने पुरवठादाराकडून मिळणारे तयार मिश्रण वापरलेले असते. अशा मिश्रणाचा मोठा भाग पाण्याचा असतो. तेव्हा डब्यावर ठळक अक्षरांत ‘३ टक्के सेरामाइड कॉम्प्लेक्स’ असे लिहिले असेल, तर तो आकडा मिश्रणाचा आहे, शुद्ध सेरामाइडचा नाही. तीन सेरामाइडांची नावे वाचून तिप्पट परिणामाची अपेक्षा करणेही व्यर्थ आहे.

९. लावण्याची योग्य पद्धत आणि वेळ कोणती?

शाम्पूनंतर केसांतले पाणी हाताने दाबून काढावे आणि कंडिशनर किंवा मास्क कानाच्या खालच्या लांबीला लावावा. टोकांना सर्वांत आधी, कारण हातात सर्वाधिक उत्पादन तेव्हाच असते. ओल्या केसांतून मोठ्या दातांचा कंगवा टोकांपासून सुरू करून वर वर नेत फिरवावा. कंडिशनर दोन-तीन मिनिटे आणि मास्क डब्यावर दिलेल्या वेळेइतका ठेवावा. रात्रभर ठेवून अधिक लाभ होत नाही. उलट केस तासन्‌तास ओला आणि फुगलेला राहणे त्याच्या हिताचे नाही.

१०. ब्लीच किंवा रंग करण्याच्या आधी लावले तर नुकसान टळते का?

टळत नाही. ब्लीचचे रसायन सेरामाइडच्या पातळ थराने अडत नाही, आणि जाड मास्क लावून गेल्यास रंग असमान बसण्याचा धोका असतो. खरी वेळ रंग धुऊन काढल्यानंतरची. त्या वेळी केस अल्कधर्मी मिश्रणाने फुगलेला असतो, आणि आम्लधर्मी कंडिशनर तो पूर्ववत आकसण्यास मदत करतो. ब्लीचनंतरचे पहिले काही आठवडे प्रत्येक धुण्याला सेरामाइडयुक्त कंडिशनर वापरावा.

११. सेरामाइड लावल्यावर इस्त्री किंवा ड्रायर बिनधास्त वापरता येतो का?

येत नाही. सेरामाइड हे उष्णतारोधक नव्हे. ओल्या केसावर तापते उपकरण फिरवल्यास आतील पाण्याची वाफ होऊन गाभ्यात अक्षरशः बुडबुडे तयार होतात. अशा ठिकाणी केस मोडतो आणि त्यावर कोणताही मास्क चालत नाही. ड्रायरच्या हवेचे तापमान १७५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक गेल्यास हे घडल्याची नोंद आहे. केस पूर्ण वाळवून, उष्णतारोधक फवारा लावून, शक्य तितक्या कमी तापमानावर इस्त्री करावी.

१२. मी नियमित तेल लावतो. मग सेरामाइडची गरज काय?

खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुण्याआधी लावल्यास प्रथिनांची झीज कमी करते, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. खनिज तेल आत शिरत नाही, पण पृष्ठभाग निसरडा करते. ही सोय मानवत असेल आणि केसांवर रासायनिक प्रक्रिया झालेली नसेल, तर सेरामाइडवाचून काही अडत नाही. ब्लीच किंवा स्ट्रेटनिंग केलेल्या केसांत मात्र दोन्ही एकत्र वापरणे सोयीचे : धुण्यापूर्वी तेल, धुतल्यानंतर सेरामाइडयुक्त कंडिशनर. दोन्ही एका वाटीत कालवू नयेत, कारण तेलामुळे कंडिशनरची घडी बिघडते.

१३. माझे केस पातळ आणि लवकर तेलकट होणारे आहेत. सेरामाइडने ते चपटे होतील का?

चपटेपणा बहुधा सेरामाइडमुळे नव्हे, तर त्याच डब्यातील मेद-अल्कोहोले, तेले आणि सिलिकोनमुळे येतो. हलका कंडिशनर निवडून तो फक्त शेवटच्या काही सेंटीमीटरला लावावा. मास्क टाळला तरी चालेल.

१४. कुरळ्या केसांना अधिक फायदा होतो का?

वळणांवर खवले लवकर झिजतात आणि टाळूचे तेल टोकांपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे घर्षण कमी करणाऱ्या कोणत्याही घटकाचा लाभ तिथे अधिक जाणवतो. अल्कधर्मी रिलॅक्सरने सरळ केलेले कुरळे केस याहून नाजूक असतात. त्या रसायनाचा सामू १२ ते १३ पर्यंत असतो आणि पृष्ठभागाचे स्निग्ध त्यात टिकत नाही. अशा केसांसाठी लीव्ह-इन क्रीम प्रत्येक धुण्यानंतर लावणे योग्य.

१५. कोंडा किंवा केसगळती असताना सेरामाइडचा उपयोग होतो का?

कोंडा आणि केसगळती यांचा उगम टाळूत आणि केसाच्या मुळात असतो, तर येथे आपण बाहेर आलेल्या केसाबद्दल बोलत आहोत. केसांच्या सेरामाइड मास्कने यांपैकी काहीही बरे होत नाही. कोंड्यासाठी औषधी शाम्पू वापरत असल्यास तो टाळूला आणि सेरामाइडचा कंडिशनर लांबीला, अशी वाटणी करावी. गळालेल्या केसाच्या एका टोकाला पांढरा ठिपका दिसला तर तो मुळातून आला आहे, ठिपका नसेल तर बहुधा मधूनच तुटला आहे. दुसऱ्या प्रकारात सेरामाइड मदत करेल (प्रश्न ४), पहिला प्रकार नेहमीपेक्षा खूप वाढला असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

१६. चेहऱ्याचे सेरामाइड क्रीम केसांना लावले तर चालेल का?

अपाय नाही, पण उपयोगही बेताचाच. चेहऱ्याच्या क्रीममध्ये केसाला धरून राहणारी धन भाराची द्रव्ये (प्रश्न ७) बहुधा नसतात. त्यामुळे धुतले तर ते निघून जाते आणि न धुता ठेवले तर केस चिकट होतात. सेरामाइडची पावडर विकत आणून घरच्या कंडिशनरमध्ये ढवळणे हा तर शुद्ध अपव्यय. ते विरघळवण्यासाठी तेलकट घटकांसोबत बऱ्याच उच्च तापमानाला तापवून मग नीट मिसळावे लागते, अन्यथा कण तळाशी बसतात.

१७. सेरामाइड प्राण्यांपासून मिळते का? त्याची ॲलर्जी होते का?

पूर्वी प्राण्यांच्या ऊतींतून काढत. आज सौंदर्यप्रसाधनांतील सेरामाइड बहुतांशी यीस्टच्या किण्वनातून मिळालेल्या घटकांवर प्रक्रिया करून किंवा पूर्णपणे कृत्रिमरीत्या तयार केले जाते. शाकाहाराविषयी काटेकोर असल्यास सोबतच्या कोलेस्टेरॉलचा स्रोत उत्पादकाला विचारावा, कारण ते अनेकदा लोकरीच्या मेणापासून येते. सेरामाइडची स्वतःची ॲलर्जी क्वचितच आढळते. खाज आली तर संशय आधी सुगंध आणि परिरक्षकांवर घ्यावा. गव्हाची ॲलर्जी असलेल्यांनी गव्हापासूनचे घटक टाळावेत.

१८. दोन महिने वापरूनही फरक नाही. काय चुकले असेल?

दोन महिने वाट पाहण्याची गरजच नव्हती. सेरामाइडचा परिणाम साठून प्रकट होणारा नाही. चांगल्या कंडिशनरचा फरक पहिल्या दोन-तीन धुण्यांत विंचरताना कळतो. तो कळला नाही तर तीन शक्यता तपासाव्यात. पाणी जड असेल तर कॅल्शियमचे क्षार केसावर साचून खरखर टिकून राहते आणि अशा वेळी क्षार काढणारा चिलेटिंग शाम्पू अधूनमधून लागतो. सिलिकोन आणि तेलांचा जुना थर साचला असेल तर एकदा खोल स्वच्छ करणारा शाम्पू वापरावा. आणि नुकसान गाभ्यापर्यंत पोहोचले असेल तर प्रश्न ६ पाहावा.

खात्री करून घ्यायची असल्यास भांग पाडून डोक्याच्या एका बाजूला जुना कंडिशनर आणि दुसऱ्या बाजूला नवा लावावा. वाळल्यावर दोन्ही बाजू विंचराव्यात आणि कंगवा कुठे अडकतो ते पाहावे. हीच चाचणी पुढच्या धुण्यात बाजू बदलून करावी, कारण झोपण्याच्या सवयीमुळे एक बाजू मुळातच जास्त घासली जाते.

१९. वापर थांबवला तर केस आधीपेक्षा वाईट होतात का?

होत नाहीत. सेरामाइडची सवय लागत नाही. थर निघून गेल्यावर केस मूळच्या अवस्थेत दिसतो आणि दोन्हींतला फरक डोळ्यांत भरल्यामुळे तो जास्त बिघडल्यासारखा वाटतो.

२०. मग हे किती काळ चालू ठेवायचे?

रसायन लागलेला भाग वाढून कापला जाईपर्यंत. मुळाशी नव्याने उगवलेला, प्रक्रिया न झालेला केस स्वतःची स्निग्ध द्रव्ये घेऊनच बाहेर येतो आणि त्याला साधा कंडिशनर पुरतो. खांद्यापर्यंतच्या, पूर्ण ब्लीच केलेल्या केसांना नियमित छाटणी करूनही यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ लागू शकतो. या काळात नव्या आणि जुन्या केसाच्या सांध्यावर विशेष लक्ष द्यावे, कारण मजबूत आणि कमकुवत भाग जिथे भेटतात, तिथेच केस सर्वाधिक तुटतो.